सुजाताची उतरंड

सुजाता गजभियेबद्दल कोणी चांगलं बोललं की माझ्या पोटात दुखतं. तिच्याबद्दल वाईट बोलणारा माणूस मला अजून भेटायचा आहे, म्हणजे पोटदुखीला सुट्टी अशी नाहीच. परवा एका लग्नात ऑफिसातला जुना सहकारी भेटला. जेवणाच्या रांगेतच म्हणाला, "माधुरीताई, सुजाता भेटते का हो? काय बाई होती!" मी त्या ऑफिसात तिच्या कितीतरी आधीपासून आहे, अजूनही आहे, आणि हातात जिलबीची प्लेट घेऊन त्याच्या पुढ्यात उभी होते. माझी साधी खुशाली विचारली नाही त्यानं. सुजाता भेटते का म्हणे.

तर सांगूनच टाकते एकदाचं.

आमचं ऑफिस नागपुरात, सदरमध्ये. खाली चपलांचं दुकान, वर आम्ही. कोळशाच्या खाणींबाहेर ट्रक तोलायचे काटे असतात, त्यांचं सॉफ्टवेअर आम्ही करतो. ट्रक काट्यावर चढला, वजन झालं, पावती निघाली, की झालं. ऐकायला सोपं वाटतं, पण सॉफ्टवेअर ही काही एक अखंड वस्तू नसते. तिचे शेकडो तुकडे असतात आणि ते एकमेकांवर अवलंबून असतात. लग्नाच्या स्वयंपाकात कशाआधी काय करायचं हे ठरलेलं असतं, आणि वरणात मीठ कमी पडलं म्हणून कोणी कणीक पुन्हा मळत नाही, तसंच हे. कोणता तुकडा आधी, कोणता नंतर, आणि एक बदलला तर नेमके कोणते पुन्हा करायचे, हे सांभाळणारं एक अवजार लागतं. त्याला बिल्ड टूल म्हणतात. आमच्याकडचं मी केलं होतं. नाव ठेवलं होतं सूत्र.

बिल्ड फुटलं, म्हणजे तुकडे जुळेनासे झाले, की पोट्टे माझ्या टेबलाशी यायचे. मी चष्मा पुसायची, "काय केलं गा आता?" म्हणायची, आणि चूक दाखवून द्यायची. ऑफिसात माझी जी काय किंमत होती ती तेवढीच, आणि मला ती पुरत होती. आमचे मालक वानखेडे सर म्हणत होते की सगळ्यांसाठी एकच टूल ठेवू, त्याची वेगळी टीम करू, आणि तिची प्रमुख माधुरी. जवळजवळ ठरलंच होतं. मी घरी नवऱ्याला सांगूनही बसले होते. तेवढ्यात ही बया आली.

मूळची नागपूरजवळच्या कन्हानची. पुण्यात मोठ्या कंपनीत होती, आई एकटी पडली म्हणून परत आली. रोज कन्हानवरून स्कूटरनं यायची. उन्हाळ्यात दुपट्टा असा गुंडाळायची की फक्त डोळे दिसायचे, आणि आल्या आल्या माझ्या टेबलाशी उभी राहून तो सोडत बसायची. तोंड मोकळं व्हायच्या आधीच बोलणं सुरू. अर्धं वाक्य दुपट्ट्यातच जायचं. खुर्चीवर मांडी घालून बसायची. चपला कुठंतरी भलत्याच टेबलाखाली सापडायच्या, आणि मीटिंगला बोलावलं की ही अनवाणीच चालत जायची. पर्समध्ये फुटाणे. विचार करताना एकेक तोंडात टाकायची, आणि समोर जो असेल त्याच्या हातावर मूठभर ठेवायची. न मागता, न विचारता. एकदा तर गिऱ्हाइकाकडून आलेल्या साहेबांच्या हातावर ठेवले, आणि ते साहेब शहाण्या मुलासारखे खात बसले.

आणि तिचा तो तोरा. "मी हुशार आहे जी, त्यात काय लपवाचं? लहानपणापासूनच आहे." आपला रक्तगट सांगावा तितक्या सहज म्हणायची. हेच मी म्हटलं असतं तर चहाच्या टपरीवर वर्षभर माझा उद्धार झाला असता. ती म्हणाली की सगळे हसायचे. बरं, नम्र असती तर निदान ढोंगी म्हणता आलं असतं. तीही सोय ठेवली नव्हती.

त्याहून वाईट म्हणजे ती दुसऱ्याचं श्रेय कधी ढापायची नाही. कोणी चार शब्द सुचवले असले तरी भर मीटिंगमध्ये त्याचं नाव मोठ्यानं घ्यायची. ऑफिसात श्रेय चोरणारे पुष्कळ पाहिले, त्यांच्याशी कसं वागायचं ते मला माहीत आहे. न चोरणाऱ्याशी कसं वागावं हे मला आजतागायत कळलेलं नाही.

आमची पहिली ठिणगी पडली ती माझ्या भाषेवरून. म्हणजे सूत्रला काय हवं ते सांगायला मी एक छोटीशी भाषा केली होती, मोजक्या शब्दांची. हा तुकडा, तो याच्यावर अवलंबून, बस. सुरुवातीला सुंदर होती. मग एक जण म्हणाला, ताई, अट टाकता आली पाहिजे. मी 'जर' दिलं. दुसरा म्हणाला, एकच गोष्ट दहादा लिहावी लागते. मी त्याचीही सोय केली. असं करत करत ती भाषा म्हणजे ठिगळांची गोधडी झाली होती, आणि ती संपूर्ण समजणारी पृथ्वीतलावर मी एकटी. मला त्यात काही गैर वाटत नव्हतं.

सुजातानं दोन दिवस ती नुसती वाचली. मग माझ्याजवळ खुर्ची ओढून बसली, फुटाणे पुढं केले आणि म्हणाली, "ताई, तुम्हाले टूल बनवायचं होतं, अन् तुम्ही भाषाच बनवून राहिल्या. पोट्टे रोज पायथॉन लिहितात न? मंग बिल्ड पण त्यातच लिहू द्या न. त्याहिले येते ती भाषा सोडून तुमच्यावाली काहून शिकाची?"

मी म्हटलं, मुद्दामच शिकायची. पूर्ण प्रोग्रामिंगची भाषा हातात दिली की लोक त्यात वाट्टेल ते करतील. माझ्या भाषेत वाट्टेल ते करताच येत नाही, तोच तिचा गुण आहे. ती थोडा वेळ फुटाणे खात राहिली. "हे बरोबर आहे तुमचं," म्हणाली. आणि उठून गेली आणि स्वतःचं टूल लिहायला बसली. बरोबर आहे म्हणून कोणी उलटं जाऊन लिहितं का? पण ती तशीच होती. तुमचं बोलणं पटलं की ती थांबायची नाही, ते बरोबर घेऊन पुढं निघायची.

टूलचं नाव तिनं ठेवलं उतरंड. मडक्यांवर मडकी, खालचं आधी, वरचं नंतर, आणि खालचं हललं की वरची सगळी हलतात. नाव ऐकलं आणि माझ्या अंगाची लाही झाली. इतकी वर्षं मी हेच काम करत होते, मला काहून नाही सुचलं? सूत्र म्हणे. शाळेच्या पुस्तकातलं नाव ठेवून बसले होते मी.

पोट्ट्यांना उतरंड आवडली हे सांगायला नको. ज्या भाषेत रोजचं काम, त्याच भाषेत बिल्ड. माझ्या टेबलाशी येणारे कमी झाले. कधी कधी मी उगाच चष्मा पुसत बसायची.

नवऱ्याजवळ मी तिच्याबद्दल इतकं बोलायची, म्हणजे कुरकुरायची, की तो म्हणाला, एकदा जेवायलाच बोलाव तिला. बोलावलं. वांग्याची भाजी तिनं दोनदा मागून घेतली, पाटावर बसून, बोटं चाटत. माझ्या नवऱ्याला तिनं उतरंड समजावून सांगितली, वाट्या एकमेकींवर रचून. हा माणूस बँकेत आहे, माझं काम नेमकं काय हे त्याला लग्न झाल्यापासून कळलेलं नव्हतं. त्या दिवशी कळलं. ती गेल्यावर म्हणाला, "अगं, किती इंटरेस्टिंग काम आहे तुझं." मी वाट्या घासायला घेतल्या आणि जरा जास्तच आवाज करत घासल्या.

आता बोकडेचं सांगते. बोकडे आमच्याकडे जुना, काट्यावर चालणारा प्रोग्राम त्याचाच. बिल्ड करणारी मशिनं आमच्या ऑफिसात अगदी वरच्या मजल्यावर, पत्र्याखाली, एका खोलीत आहेत. मे महिन्यात तिथला एसी हात टेकतो आणि मशिनं तापून बंद पडतात. दरवर्षीचं आहे. वानखेडे सरांनी तोवर दोन-तीन टीमना उतरंड वापरून बघायला सांगितलं होतं, त्यात बोकडेची टीम होती. जे टूल उन्हाळाभर नीट चालेल ते ठेवू, आणि ज्याचं टूल तो प्रमुख, असं सरांनी सरळ सांगून टाकलं होतं. मी देवाजवळ काय मागत होते ते लिहीत नाही.

देवानं ऐकलं. बोकडेला स्वतःला दुपारी डुलकी लागते, तर मशिनांचाही त्याला कळवळा आला. उतरंडच्या फाइलीत त्यानं पायथॉनमध्ये चार ओळी टाकल्या. इंटरनेटवर जा, नागपूरचं तापमान विचार, आणि पारा फार वर असेल तर सॉफ्टवेअर तपासणाऱ्या जड जड चाचण्या सोडून दे, मशिनांना विश्रांती. हे असलं फक्त नागपूरच्या माणसाला सुचू शकतं. सूत्रमध्ये हे शक्यच नव्हतं, माझ्या भाषेला तापमान कशाशी खातात हेच माहीत नव्हतं. पण त्याच्या हातात पूर्ण भाषा दिलेली. आणि गंमत अशी की नवतपा लागला, उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस. रोज पारा वर. म्हणजे रोज चाचण्यांना सुट्टी. बिल्ड चटकन होतंय म्हणून सगळे खूश, उतरंडचं कौतुक चाललेलं, आणि तसंच न तपासलेलं सॉफ्टवेअर सावनेरकडच्या एका काट्यावर जाऊन बसलं. पावत्यांवर वजन शून्य. भर उन्हात ट्रकांची रांग लागली, ड्रायव्हर काटेवाल्याच्या अंगावर धावून गेले, आणि काटेवाला फोनवर वानखेडे सरांच्या.

दुसऱ्या दिवशी मीटिंग. मी ठेवणीतली साडी नेसून गेले. सगळ्यांनी पाहिली असेल, पाहू दे. मी काय बोलायचं ते पाठ केलं होतं. शांतपणे बोलायचं, सुजाताला दोष द्यायचा नाही, फक्त इतकंच म्हणायचं की याची कल्पना मी आधीच दिली होती. बोकडे कोपऱ्यात मान खाली घालून बसला होता, आता आपलं काही खरं नाही असा चेहरा करून.

मी घसा साफ करेपर्यंत सुजाता उभी राहिली. अनवाणी.

"बोकडेनं नियम मोडला नाही, सर," ती म्हणाली. "मी नियम केलाच नव्हता. माधुरीताईनं मले पहिल्याच दिवशी सांगितलं होतं का असं होईन. मी ऐकलं, पण अर्धंच ऐकलं."

झालं. माझं पाठ केलेलं भाषण तिनंच म्हणून टाकलं. मग तिनं पुढचं सांगितलं. पायथॉन राहणार. पण यापुढं बिल्डची फाइल वाचली जाईल ती जणू बंद खोलीत. तिथून इंटरनेट दिसणार नाही, घड्याळ दिसणार नाही, बाजूच्या माणसाच्या मशिनवर काय आहे ते दिसणार नाही. फाइलीनं फक्त काय हवं ते सांगायचं. करायचं काम टूलचं. बाहेरचं काही लागत असेल तर पहिल्याच ओळीत नाव घेऊन मागायचं, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल. आणि हे नाव घेऊन मागायचं तंत्र माझं नाही, ती म्हणाली, हे ताईच्या सूत्रमधलं आहे, मी उचललं. लोकांनी वळून माझ्याकडे पाहिलं. कोणीतरी टाळीही वाजवली.

माझ्या सगळ्या कामातली सगळ्यात चांगली कल्पना ती. इतकी वर्षं सूत्रमध्ये पडून होती, कोणाच्या लक्षात आली नव्हती. तिच्या घरात गेली आणि चमकायला लागली. आणि नाव माझंच घेतलं होतं तिनं, मग तक्रार करायची ती कशाची? बोकडेची तापमानाची ओळसुद्धा तिनं काढली नाही. ती वर आणून ठेवली, आणि चाचण्या सोडल्या की लाल अक्षरांत तसं लिहून येईल असं केलं. बोकडे तिचा जन्माचा भक्त झाला.

सरांनी त्याच आठवड्यात उतरंड ठेवली आणि सुजाताला प्रमुख केलं. मी अभिनंदन केलं. घरी आले आणि स्वयंपाक केला नाही. नवऱ्यानं न विचारता खिचडी टाकली.

सूत्र काढून टाकायचा दिवस आला तेव्हा तिनं मला बोलावलं. तिची एक सवय होती. जुना कोड पुसताना पुटपुटायची, "इडा-पिडा घेऊन जाय गे मारबत." पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या पुतळ्यामागं सगळं नागपूर ओरडतं तसं, फक्त हळू. टीममधली पोरं तर मोठ्यानं म्हणायची. मी तिच्या खुर्चीमागं उभी राहिले आणि मनात म्हटलं, आज जर ही ते म्हणाली तर मी राजीनामा देते. तिनं कीबोर्ड माझ्याकडे सरकवला. "तुमच्यावालं आहे, ताई. तुम्हीच काढा. माझं दुसऱ्या कोणी काढलं असतं तर मी त्याच्यासंग जन्मभर बोलली नसती." मी काढलं. कोणीच काही म्हटलं नाही, आणि मला रडू आलं ते मी एसीवर ढकललं.

प्रमुख झाली आणि दीडएक वर्षात कंटाळली. उतरंड तोवर तिनं जगासाठी खुली केली होती, कुठल्या कुठल्या देशांतून लोक तिला लिहायचे, आणि ती त्यांना नागपुरी वळणाच्या इंग्रजीत झापायची. एक दिवस वानखेडे सरांना म्हणाली, हे आता चालून राहिलं, मी निघते, माधुरीताईले बसवा. मी तिला विचारलं, वाईट नाही वाटत वं, आपलं केलेलं सोडून जायला? ती म्हणाली, "झालं न ते. झालेल्याजवळ बसून काय करू?" मी तर अजून सूत्रची एक प्रत घरच्या लॅपटॉपवर ठेवून आहे.

तर मला हवी होती ती खुर्ची मला मिळाली. तिनं पुसून, रिकामी करून दिली. बसले. बसल्यावर कळलं की उतरंड मोठ्या कामांवर हळू चालते, कारण प्रत्येक वेळी सगळ्या फाइली पहिल्यापासून वाचत बसते. तिनं ते तसंच ठेवलं होतं. मी त्या भागाच्या मागं लागले. पावसाळाभर लागले. नवऱ्याला रोज सांगायची, त्यालाही आता कळायचं.

ती गेल्यानंतर मी तिला एकदाच भेटले. एका ठिकाणी टूल अडकत होतं, आणि तिथलं तिचं डोकं कसं चाललं होतं हे काही केल्या मला समजेना. फोन केला, तर म्हणाली, घरीच या. रविवारी सकाळी लॅपटॉप घेऊन कन्हानला गेले. आई दारातच गहू निवडत बसली होती, तिनं पाणी दिलं. सुजाता दिवाणावर मांडी घालून बसली, लॅपटॉप मांडीवर घेतला, आणि अडकलेली जागा शोधत कोड वर-खाली करू लागली. मधेच थांबली. वाचलं. परत वर जाऊन पहिल्यापासून वाचलं. आणि आईला हाक मारली, "आई, इकडे ये वं. पाय, तुह्या पोरीनं काय लिहून ठेवलं होतं. म्या स्वतःच विसरली होती." मग मला म्हणाली, "एक फाइल बदलली तर तेवढीच वाचते, बाकीच्याले हात नाही लावत. कसं सुचलं असन मले?"

गप्प बसता आलं असतं. मी म्हटलं, "ते तुझं नाही वं. ते मी लिहिलं, पावसाळ्यात."

ती हसली, थट्टा समजून. मग माझ्याकडे पाहिलं, आणि परत पडद्याकडे. हसू गेलं. तिनं तो भाग पुन्हा वाचला, या वेळी सावकाश, चूक शोधणारा माणूस वाचतो तसा. मी तिच्याकडे बघत होते. तिचा खालचा ओठ आत गेला होता, गाल ताठरले होते, आणि नजर पडद्यावर असूनही तिला तिथं दुसरंच काहीतरी दिसत होतं. तो चेहरा मला चांगला ओळखीचा आहे. इतकी वर्षं ऑफिसच्या बाथरूमच्या आरशात रोज बघत आले आहे.

"कोणाले विचारलं होतं?" ती म्हणाली.

"कोणालेच नाही."

"बरं केलं," ती म्हणाली. बस, इतकंच. मग माझी अडकलेली जागा शोधून दिली, चहा झाला, आईनं डब्यात काहीतरी बांधून दिलं. सुजाता दारापर्यंत आली नाही, दिवाणावरूनच परत या म्हणाली, आणि मी फाटकाशी वळून पाहिलं तर खिडकीतून दिसली. स्वतःचा लॅपटॉप काढून घाईघाईनं उघडत होती, आई काहीतरी विचारत होती, आणि तिचं आईकडे अजिबात लक्ष नव्हतं.

कन्हान ते नागपूर मी गाडीच्या काचा खाली करून, भर उन्हात, मोठमोठ्यानं गात आले.